मूल रमलं, पण कशात?

तिसरीचा वर्ग. मी मागच्या बाकावर गुडघे पोटाशी घेऊन बसलेलो, कारण बाक आठ वर्षांच्या मुलांच्या मापाचा. समोर भिंतभर डिजिटल फळा आणि त्यावर हातच्याची वजाबाकी: ५२ − २७. खाली चार फुगे, प्रत्येकात एक उत्तर. बरोबर फुगा फोडला की टाळ्या आणि चांदण्यांचा सडा. चुकीचा फोडला तर एक गोड आवाज म्हणणार, 'पुन्हा प्रयत्न कर बरं!' प्रत्येक गटाला एकेक टॅब दिलेला, त्यातही हाच खेळ. एकही मूल धड बसलेलं नव्हतं. 'बाई, मी!' 'बाई, आता माझी पाळी!' त्या गलक्यातून बाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि समाधानाने मान डोलावली. कशी रमलीत बघा.

रमली होती, यात शंकाच नाही. पण माझ्या पुढ्यातल्या गटातला एक मुलगा फुगे डावीकडून उजवीकडे ओळीने फोडत सुटला होता. पहिला, चूक. दुसरा, चूक. तिसरा, टाळ्या. पुढचं गणित. प्रश्नाकडे त्याची नजर जातच नव्हती, कारण जायची गरज नव्हती. पाचेक मिनिटांत दहा गणितं 'सुटली' आणि टॅबने त्याला सोनेरी पदक दिलं. मी वहीच्या पानावर तेच ५२ − २७ उभं मांडलं आणि त्याच्यासमोर सरकवलं. त्याने पटकन लिहिलं: ३५.

सातातून दोन गेले पाच, पाचातून दोन गेले तीन. वरचा कोण, खालचा कोण हे न बघता मोठ्यातून लहान काढून टाकायचा. लहान मुलांना गणित शिकवणाऱ्या कुणालाही ही चूक पाहताक्षणी ओळखू येते. १९७८ मध्ये जॉन सीली ब्राउन आणि रिचर्ड बर्टन या संशोधकांनी वजाबाकीतल्या अशा चुकांची चिरफाड केली, आणि त्यातून दिसलं ते असं की यातल्या कितीतरी चुका वेंधळेपणाच्या नसतात. मूल एक नियम अगदी इमानाने पाळत असतं, फक्त तो नियम चुकीचा असतो. म्हणजे त्या पोराच्या डोक्यात काय चाललंय हे ३५ हा आकडा सरळ सांगत होता. टॅबला ते ऐकू आलं नाही. त्याच्या लेखी ३५ हा फुटलेला चुकीचा फुगा, बाकी काही नाही.

प्राथमिक वर्गात डिजिटल साहित्य असावं की नसावं, हा वाद मला आता कंटाळवाणा वाटतो. ते आलंय आणि राहणार आहे. माझी तक्रार आपण ते कशावर जोखतो याबद्दल आहे. मुलं किती रमतात, किती वेळ पडद्याला चिकटतात, किती टिचक्या मारतात, एवढ्यावर आपण खूश होतो. शाळा खूश, पालक खूश, साहित्य बनवणारा तर सर्वांत खूश, कारण हे सगळं मोजायला सोपं आहे. पण रमणं आणि विचारात पडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पडद्यावर पहिली फार स्वस्तात मिळते.

शिक्षणाचा अभ्यास करणाऱ्यांनी हा भेद कधीच करून ठेवलाय. जेनिफर फ्रेड्रिक्स, फिलिस ब्लूमेनफेल्ड आणि अ‍ॅलिसन पॅरिस यांनी २००४ मध्ये या विषयावरचं तोपर्यंतचं संशोधन एकत्र मांडलं. शाळेत मूल गुंततं म्हणजे काय, याचे त्यांनी तीन पदर सांगितले. एक वागण्यातला: हात वर करणं, काम करणं, जागेवर असणं. दुसरा भावनेचा: आवडणं, उत्साह वाटणं. तिसरा विचारांचा: अवघड गोष्टीशी झटापट करायची तयारी. फुग्यांच्या तासाला पहिले दोन पदर भरजरी होते. तिसऱ्याच्या जागी भोक. आणि मागच्या बाकावरून पाहिलं तरी ते भोक दिसत नाही, जोवर तुम्ही वही सरकवत नाही.

तंत्रज्ञानाने वर्ग बदलेल ही आशा काही आजची नाही. थॉमस एडिसनने १९१३ मध्ये सांगून टाकलं होतं की शाळांतली पुस्तकं लवकरच कालबाह्य होतील, सगळं शिक्षण चलच्चित्रांतून होईल आणि दहा वर्षांत शाळा ओळखू येणार नाहीत. मग रेडिओ आला, दूरचित्रवाणी आली, संगणक आला. प्रत्येकाच्या वरातीत तीच वाक्यं वाजली. ही यादी सगळे देतात, म्हणून मी ती इथेच थांबवतो. मला जास्त मजेदार वाटते ती फुग्यांची वंशावळ.

सिडनी प्रेसी नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९२०च्या दशकात एक यंत्र बनवलं. छोट्या खिडकीत प्रश्न आणि त्याचे पर्याय, बाजूला चार कळा. यंत्र शिकवण्यासाठी लावलं की बरोबर कळ दाबेपर्यंत पुढचा प्रश्न येत नसे. बक्षीस म्हणून एक गोळी बाहेर टाकायची सोयही त्याला जोडता येत असे. आता टॅबवरचे चार फुगे, 'पुन्हा प्रयत्न कर' आणि चांदण्यांचा सडा आठवा. शंभर वर्षांत फक्त गोळी गेली आणि चांदण्या आल्या.

तीसेक वर्षांनी, १९५३ मध्ये, मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर आपल्या मुलीच्या चौथीच्या वर्गात पालक म्हणून गणिताचा तास बघायला बसले. काही मुलांची गणितं केव्हाच संपून ती चुळबुळत होती, काही अडकून पडली होती, आणि आपलं बरोबर की चूक हे कुणालाच लगेच कळत नव्हतं. ते पाहून अस्वस्थ झालेल्या स्किनरनी स्वतःचं यंत्र बनवलं. पण प्रेसीच्या कळा त्यांना पटल्या नाहीत. मुलाने तयार उत्तरांतून निवडू नये, उत्तर स्वतः घडवावं, असा त्यांचा आग्रह होता. दिसायला पटतील अशी चुकीची उत्तरं मुलासमोर मांडून ठेवणंच त्यांना घातक वाटे. कबूतरांना बक्षिसाचे दाणे देऊन शिकवणाऱ्या स्किनरच्या एकूण विचारांशी माझं फारसं जमत नाही, मूल म्हणजे कबूतर नव्हे. पण या एका मुद्द्यावर १९५८ मधले स्किनर आजच्या बऱ्याच शैक्षणिक अ‍ॅपच्या पुढे होते, हे कबूल करावं लागतं.

लक्ष आणि शिकणं यांच्यातलं अंतर सर्वांत चांगलं दाखवलं ते मुलांच्या एका दूरचित्रवाणी कार्यक्रमाने. १९६९ मध्ये सुरू झालेल्या 'सेसमी स्ट्रीट'साठी एडवर्ड पामर या संशोधकाने एक साधी युक्ती काढली होती. मुलासमोर कार्यक्रम लावायचा आणि शेजारी दुसऱ्या पडद्यावर दर साडेसात सेकंदांनी बदलणारी रंगीत चित्रं. मुलाची नजर कार्यक्रमावरून ढळली की नोंद करायची. जो तुकडा चित्रांपुढे हरला, तो कापायचा किंवा सुधारायचा. लक्ष कसं धरून ठेवावं, याचं हे जवळजवळ शास्त्रच झालं.

पुढे १९७९ मध्ये एलिझाबेथ लॉर्च, डॅनियल अँडरसन आणि स्टीफन लेव्हिन यांनी याच कार्यक्रमावर एक प्रयोग केला. पाच वर्षांच्या मुलांच्या एका गटाला नुसता कार्यक्रम दाखवला, दुसऱ्या गटाच्या खोलीत खेळणी ठेवली. खेळणी नसलेल्या मुलांनी बहुतेक सगळा वेळ पडद्याकडे पाहिलं, खेळणीवाल्यांनी जेमतेम निम्मा. मग दोघांना कार्यक्रमावर प्रश्न विचारले. समज सारखीच निघाली! खेळता खेळता मुलं कान देऊन होती आणि जिथे अर्थाचं काही घडतंय तिथे मान वर करत होती. नजर दुप्पट, समज तेवढीच. मुलं पडद्यावर खिळली की आपण ज्या मिनिटांचा हिशेब अभिमानाने सांगतो, त्यातली अर्धी मिनिटं फुकट असू शकतात.

कधी कधी फुकटच नाही, उलटी. कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या अ‍ॅना फिशर आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये बालवर्गातल्या २४ मुलांना विज्ञानाचे छोटे धडे दिले. काही धडे तक्ते, चित्रं आणि झिरमिळ्यांनी मढवलेल्या खोलीत, काही जवळजवळ उघड्या भिंतींच्या खोलीत. सजवलेल्या खोलीत मुलांचं लक्ष ३८.६ टक्के वेळ दुसरीकडे होतं, साध्या खोलीत २८.४ टक्के. चाचणीत सजवलेल्या खोलीतल्या धड्यांवरची ४२ टक्के उत्तरं बरोबर आली, साध्या खोलीतल्या धड्यांवरची ५५ टक्के. ही तर भिंतीवर निमूटपणे चिकटलेली चित्रं. ती हलायला, बोलायला आणि टाळ्या वाजवायला लागली तर काय होईल, याचा अंदाज करायला संशोधक लागत नाही.

तरीही कुणी यावरून 'पडदा वाईट, पुस्तक चांगलं' असा निष्कर्ष काढला तर मी त्याच्याशी भांडेन. एक ते आठ वर्षांच्या मुलांसाठी छापील गोष्ट आणि पडद्यावरची गोष्ट यांची तुलना करणाऱ्या ३९ अभ्यासांचा एकत्रित हिशेब २०२१ मध्ये मे इरीन फुरेनेस, नतालिया कुचिर्कोव्हा आणि आड्रियाना बस यांनी मांडला. त्यांत १,८१२ मुलं होती. कागदावरचं जसंच्या तसं पडद्यावर आणलं तर गोष्ट कागदावरूनच जास्त कळते. पण पडद्यावरच्या करामती गोष्टीच्या गाभ्याशी बांधलेल्या असतील, म्हणजे कुणी का केलं, पुढे काय झालं याकडे मुलाला नेत असतील, तर पडदा कागदावर मात करतो. एकच यंत्र, एकच मूल, फरक फक्त करामत कुठे नेते याचा.

हे मी डोळ्यांनी पाहिलंय. एका ई-पुस्तकात कासव वाट चुकतं आणि नदीकाठी येतं. चित्राच्या कोपऱ्यात एक बेडूक. त्याला बोट लावलं की 'डराव' करून उडी मारतो. पहिलीतल्या एका मुलीने त्याला बोट लावलं, पुन्हा लावलं, पुन्हा. मी मोजायला सुरुवात केली तेव्हापासून चौदा वेळा. कासव बिचारं वाट चुकून उभंच. पुस्तक मिटल्यावर मी विचारलं, गोष्टीत काय झालं गं? 'बेडूक ओरडतो,' ती म्हणाली. तिचं काही चुकलं नव्हतं. बनवणाऱ्याने बेडकात जीव ओतला होता, कासवात नाही. त्याच पानावर कासवाला बोट लावल्यावर त्याची मागची पावलं उमटत गेली असती, म्हणजे ते कुठे वळलं आणि कुठे चुकलं हे मुलीला परत चालून बघता आलं असतं, तर तीच चौदा बोटं गोष्टीत शिरली असती.

पदकांचंही असंच. १९७३ मधला मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निसबेट यांचा प्रयोग बालशिक्षणात बऱ्याच जणांना ठाऊक आहे. चित्रं काढायला मुळातच आवडणाऱ्या बालवाडीतल्या मुलांना 'चित्र काढलंस तर प्रशस्तिपत्र मिळेल' असं आधी सांगितलं. मिळालं. नंतर मोकळ्या वेळात ही मुलं बाकीच्यांच्या निम्म्याच्या आसपास वेळ चित्रं काढताना दिसली. ज्यांना काहीच कबूल केलं नव्हतं, त्यांचा ओढा तसाच राहिला. आवड होती तिथे बक्षिसाने सौदा घुसवला. प्रत्येक गणितामागे तारा, प्रत्येक पानामागे बिल्ला, सलग सात दिवस आल्याबद्दल मुकुट, हे सगळं मला म्हणूनच बोचतं. वाचायला आवडणाऱ्या मुलीला आपण वाचायचे तारे मोजायला शिकवतो, आणि मग तारे संपल्यावर ती वाचत का नाही म्हणून कपाळावर हात मारतो.

आता खर्चाकडे. कारण हा प्रश्न एका वर्गाचा नाही, सरकारं आणि संस्था कशासाठी पैसा मोजतात याचाही आहे. पेरू देशाने मुलांमागे एक लॅपटॉप या कल्पनेवर भरवसा ठेवून लाखो लॅपटॉप वाटले. आंतर-अमेरिकी विकास बँकेच्या संशोधकांनी ग्रामीण भागातल्या ३१९ शाळांची पाहणी करून २०१२ मध्ये सांगितलं की पंधराएक महिन्यांनंतर भाषा आणि गणित यांत मुलांच्या गुणांवर परिणाम दिसत नाही. यंत्रं पोहोचली होती, मुलांनी ती वापरलीही होती. पण त्यावर काय करायचं, कोणाबरोबर करायचं, हे पोहोचलं नव्हतं.

पाकिस्तानातल्या पंजाब प्रांतातला अनुभव याहून बोलका. मुलं जरा मोठी, पण धडा तोच. आठवीच्या वर्गांत शिक्षकाच्या हाती छोटे व्हिडिओ दिले, ते कसे वापरायचे याचं थोडं प्रशिक्षण दिलं आणि शिकवणं शिक्षकाकडेच ठेवलं. मुलांचे गुण वाढले. सहावीच्या मुलांना त्याच धर्तीचं साहित्य टॅबमध्ये भरून थेट दिलं, तेव्हा गुण घसरले. हा अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. केनियात बेंजामिन पायपर आणि सहकाऱ्यांनी पहिली-दुसरीच्या वाचनावर तीन पर्याय ताडून पाहिले: मुलांना ई-पुस्तकं वाचायचं यंत्र, शिक्षकांना टॅब, किंवा शिक्षकांना वर्गात येऊन मार्गदर्शन करणाऱ्यांना टॅब. तिन्हींकडे मुलं वाचायला लागली, पण ती मुळात चांगली पुस्तकं आणि शिक्षकांना मिळालेली साथ यांमुळे. यंत्राने त्यात म्हणावी अशी भर घातली नाही. मग देशभर कार्यक्रम नेताना त्यांनी टॅब दिले ते मार्गदर्शकांना. मुलांच्या हाती पुस्तक. मला हा निर्णय फार शहाणपणाचा वाटतो, पण अशा निर्णयाचा फोटो चांगला येत नाही. टॅब हातात धरून हसणारी मुलं छापता येतात. मार्गदर्शक मागच्या बाकावर बसून टॅबवर टिपणं घेतोय, हे कोण छापेल?

शिवाय ही साधनं झपाट्याने बदलतात. युनेस्कोच्या २०२३च्या शिक्षणविषयक जागतिक अहवालात म्हटलंय की शैक्षणिक तंत्रज्ञानातली उत्पादनं सरासरी ३६ महिन्यांत बदलतात. म्हणजे एखादं साधन नीट तपासून, शिक्षकांना त्याची सवय करून देईपर्यंत त्याची पुढची आवृत्ती दारात उभी. त्याच वर्षी स्वीडनच्या सरकारने उलट दिशेने पाऊल टाकलं. बालवाड्यांमध्ये डिजिटल साधनं सक्तीची ठेवण्याचा निर्णय फिरवायचं ठरवलं आणि छापील पाठ्यपुस्तकांसाठी पैसा दिला. यावर बऱ्याच जणांनी टाळ्या वाजवल्या. मला त्या टाळ्याही थोड्या फुग्यांच्या टाळ्यांसारख्याच वाटल्या. पुस्तक परत आणलं म्हणून मूल आपोआप विचार करायला लागत नाही. गाळलेल्या जागा भरा छापाचं पुस्तकही डावीकडून उजवीकडे फुगे फोडल्यासारखंच सोडवता येतं.

विरोधी बाजूचा सर्वांत जड मुद्दा मी टाळणार नाही. एका वर्गात पन्नास मुलं, त्यांतली दहा दोन इयत्ता मागे, पाच पुढे, शिक्षक एक. हा शिक्षक प्रत्येकाचं ३५ कुठून पाहणार? इथे यंत्राचा खरा उपयोग आहे, आणि त्याचा पुरावाही आहे. दिल्लीत कार्तिक मुरलीधरन, अभिजीत सिंग आणि अलेहांद्रो गॅनिमियन यांनी 'माइंडस्पार्क' या संगणकीय कार्यक्रमाची चाचणी घेतली. तिचे निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. सहावीत बसलेली मुलं गणितात सरासरी अडीच इयत्ता मागे होती, पण वर्गात मात्र सहावीचंच गणित शिकवलं जात होतं. कार्यक्रम प्रत्येकाला त्याच्या पायरीवर भेटत होता. साडेचार महिन्यांत गणितात आणि हिंदीत ठळक फरक पडला. पण तपशील नजरेआड करू नये: केंद्रातल्या दीड तासांपैकी निम्मा वेळ संगणकासमोर आणि निम्मा वेळ बारा-पंधरा मुलांच्या गटात माणसाबरोबर जात होता. शिवाय तिथे चुकलेल्या उत्तराला किंमत होती. मूल कुठे आणि का चुकतंय यावर पुढचा प्रश्न ठरत होता. फुग्यांच्या नेमकं उलट.

ऐकू न येणाऱ्या मुलाला चित्र आणि मजकूर, न दिसणाऱ्याला आवाज, बी रुजताना दोन आठवड्यांत जे घडतं ते एका मिनिटात, संख्यारेषेवर अपूर्णांक ओढून अर्धा आणि दोन चतुर्थांश एकाच जागी येतात हे स्वतः पाहणं. हे खडू-फळ्याला जमणारं नाही, आणि ते नाकारणारा माणूस मला हट्टी वाटतो. १९६७ मध्ये सेमूर पॅपर्ट आणि सहकाऱ्यांनी 'लोगो' ही मुलांसाठीची संगणकभाषा केली, त्यातलं रेघ ओढत चालणारं कासव तर माझं लाडकं. मूल त्याला सांगतं: इतकं पुढे जा, इतकं वळ. चौकोन होईल असं वाटलेलं असतं आणि होतं भलतंच. मग मूल स्वतः उठून जमिनीवर चालून बघतं, आपण कुठे वळलो, किती वळलो. इथे यंत्र मुलाला सूचना देत नाही, मूल यंत्राला देतं. त्या कासवाजवळ चांदण्या नव्हत्या, तरी मुलं चिकटून बसायची, कारण चूक त्यांची स्वतःची होती आणि ती सुधारायची खुमखुमीही.

माणूस का लागतो, हे मला एका मुलीने दाखवलं. त्याच तिसरीच्या वर्गात तिला ५२ − २७ चं उत्तर तोंडाने विचारलं. 'पंचवीस,' ती लगेच म्हणाली. लिही म्हटलं, तर लिहिलं ५२. मराठीत पंचवीस म्हणताना पाच आधी ऐकू येतात, वीस मागून. जर्मन भाषेतही तसंच, तिथली मुलंही हेच करतात. जे ऐकलं त्या क्रमाने तिने आकडे मांडले होते. तिला वजाबाकी येत होती, आकडे लिहिताना कान आडवा आला होता. ३५ लिहिणाऱ्या मुलाला आकडे लिहिता येत होते, वजाबाकी येत नव्हती. टॅबच्या दप्तरी दोघंही चूक, दोघांनाही तोच गोड आवाज: पुन्हा प्रयत्न कर. ज्या बाई ही दोन मुलं रोज पाहतात, त्यांना अर्ध्या मिनिटात फरक कळला असता, जर त्या अर्ध्या मिनिटात फळा टाळ्या वाजवत नसता.

म्हणून साहित्य निवडणाऱ्यांना, मग ते शाळेचे मुख्याध्यापक असोत की खात्याची समिती, मी एकच गोष्ट करून बघायला सांगेन. प्रश्नावर हाताचा पंजा ठेवा आणि खेळ खेळा. प्रश्न न वाचता, नुसते पर्याय दाबत, पदकापर्यंत पोहोचता आलं तर ते साहित्य परत करा. कितीही रंगीत असो, कितीही मुलं त्यावर उड्या मारोत. मी माझ्यापुरती ही चाळण लावतो आणि बरीच नावाजलेली साधनं तिच्यात अडकतात. आणखी एक बघावं: शिक्षकाला ते मधेच थांबवता येतं का? आवाज बंद करून, एकच गणित पडद्यावर धरून पाच मिनिटं त्यावर बोलता येतं का? मला भेटलेल्या कितीतरी साधनांत थांबायची कळच सापडत नाही, किंवा दाबली की खेळ पहिल्यापासून सुरू होतो. बनवणाऱ्याला शांततेची भीती वाटते. वर्गात मात्र बरंचसं शिकणं याच शांततेत होतं, जेव्हा प्रश्न विचारून झालेला असतो आणि उत्तर अजून आलेलं नसतं.

तुमच्या मुलाने आमच्या साधनावर इतके तास घालवले, असा आलेख दाखवणाऱ्यांना पालकांनी उलट विचारावं: त्यातली किती मिनिटं तो काहीही न दाबता विचार करत होता? हे मोजता येत नाही असं सांगतील. मग निदान चुका तरी दाखवा म्हणावं. कोणत्या गणितात काय उत्तर लिहिलं, जसंच्या तसं. गुण नकोत, तारे नकोत. ३५ दाखवा.

त्या तासाला शेवटची दहा मिनिटं उरली असताना मी बाईंना ती वही दाखवली. त्यांनी एक क्षण पाहिलं, उठल्या आणि फळ्याची वायरच ओढली, कारण आवाज बंद करायची कळ त्यांनाही सापडत नव्हती. चांदण्या विझल्या. मुलांनी 'आऽऽ' केलं. बाजूच्या जुन्या फळ्यावर त्यांनी खडूने ५२ − २७ मांडलं आणि खाली ३५ लिहिलं. 'हे उत्तर एका हुशार मुलाचं आहे,' त्या म्हणाल्या. 'त्याने काय विचार केला असेल?'

बराच वेळ कुणीच बोललं नाही. माझ्या पुढ्यातला मुलगा टॅब बाजूला ठेवून फळ्याकडे बघत होता. मग त्याने हात अर्धा वर केला, खाली घेतला, पुन्हा वर केला.

'दोनातून सात जात नाहीत ना बाई. म्हणून मी उलटं केलं.'

'बरं,' बाई म्हणाल्या, 'मग दोनातून सात जायला हवे असतील तर काय करूया?'

आणि पंचवीसच्या जागी बावन्न लिहिणारी ती मुलगी पलीकडच्या बाकावरून म्हणाली, 'त्या पाच दशकांतला एक सोडूया ना.'